टेक्सासच्या शिक्षण मंडळावर फुकट काम का करायचं?

केटीची_आई
इथे स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशनचे 15 सदस्य आपण मत देऊन निवडतो. मुदत चार वर्षं, पगार शून्य. बैठकीसाठी राजधानी ऑस्टिनला जायचा-राहायचा खर्च तेवढा मिळतो. मुलांनी काय शिकायचं, कोणती पुस्तकं मंजूर करायची, हे ठरवणारी हीच माणसं. एकेकाच्या मतदारसंघात 19 लाखांवर लोक, म्हणजे राज्य विधिमंडळातल्या सिनेटरच्या मतदारसंघाच्या दुप्पट!

नोव्हेंबर 2024 मध्ये प्राथमिक शाळेचा ‘ब्लूबॉनेट’ अभ्यासक्रम 8 विरुद्ध 7 मतांनी मंजूर झाला. त्यात बायबलमधल्या कथा असल्यामुळे केवढं वादळ उठलं होतं. तो घेणाऱ्या शाळांना विद्यार्थ्यामागे 60 डॉलरपर्यंत जादा मिळतात. एका मताचा फरक! इतकं जोखमीचं काम बिनपगारी ठेवलं तर ते निवृत्त आणि सुखवस्तू लोकांकडेच जाणार. तासावर काम करणारी एल पासोची नर्स 900 किलोमीटरवरच्या ऑस्टिनला सलग तीन-चार दिवस रजा काढून कशी जाईल? पगार द्या, आरोग्य विमाही द्या.

डॅलसकर
अजिबात पटलं नाही. आमदारांचं बघा. पगार महिना 600 डॉलर, पण पेन्शन वर्षानुवर्षं बांधलेली होती जिल्हा न्यायाधीशाच्या पगाराशी. सुरुवात मानधनाने होते, मग लाभ मागच्या दाराने येतात. मुलांच्या शिक्षणाची तळमळ असलेला माणूस पैशासाठी अडून राहत नाही.

केटीची_आई
तळमळ असते हो, पण घराचा हप्ता तळमळीने भरता येत नाही. आणि ज्यांच्याकडे रजा नाही त्यांना तळमळ नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?

सॅन_अँटोनियो_मास्तर
पैशाचं म्हणाल तर 1854 साली 20 लाख डॉलरवर सुरू झालेला शाळांचा कायम निधी आज 50 अब्जांच्या वर आहे. तो सांभाळणाऱ्या महामंडळाच्या नऊ संचालकांत पाच जण या बोर्डाचे. त्यापुढे 15 माणसांचं मानधन ते काय! कॅन्ससमध्ये निवडून आलेल्या 10 सदस्यांना बैठकीच्या दिवसांचे पैसे मिळतातच, त्याने तिथे काही बिघडलेलं नाही.

डॅलसकर
मुद्दा रकमेचा नाहीच. पगारी जागेसाठी पक्ष आणखी पैसा ओततील आणि प्रकाशक कंपन्यांचा दबाव वाढेल.

सॅन_अँटोनियो_मास्तर
पक्ष आजही आहेतच की, सदस्य पक्षाच्या चिन्हावर... म्हणजे आधी पक्षाची प्रायमरी (उमेदवार ठरवायची निवडणूक) जिंकूनच पुढे निवडून येतात. आणि दबावाला बिनपगारी माणूस कमी बळी पडतो, हे कशावरून? 1984 मध्ये निवडणूक बंद करून सदस्य नेमायला लागले होते. 1987 मध्ये मतदारांनीच ते नाकारलं. लोकांना आपला माणूस हवाय, तर त्याला काम करता येईल एवढी सोय लोकांनीच करायला हवी.

डॅलसकर
कॅन्ससचा हजेरी भत्ता मला चालेल. बैठकीला आलात तर पैसे, नाहीतर नाही. विमा आणि पेन्शनला मात्र माझा विरोध कायम.

केटीची_आई
पेन्शन मीही मागत नाही. विम्यावर मात्र मी मागे हटणार नाही. त्या नर्सने बोर्डासाठी कामाचे तास कमी केले, तर सगळ्यात आधी नोकरीतून मिळणारा विमाच जाईल.