डिग्री प्रोजेक्ट आणि लिनोचे पतंग: दोन्ही एकच करावं का?

कोपऱ्यातली_रेघ

कम्युनिकेशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिग्री प्रोजेक्टचा विषय मंजूर झालाय: गोळ्यांच्या पट्टीवरची माहिती. पट्टीतल्या दोन-तीन गोळ्या कापून घेतल्या की औषधाचं नाव एका तुकड्यावर जातं, एक्सपायरी दुसऱ्यावर राहते आणि हातात उरतो तो चकचकीत, निनावी फॉइलचा तुकडा. वयस्कर माणसाच्या डब्यात असे तुकडे साठले की रक्तदाबाची गोळी कुठली आणि झोपेची कुठली, हे रंगावरून ओळखायचं. विषय मला मनापासून आवडतो. हे आधीच सांगते, नाहीतर प्रतिसाद ‘मग विषय बदल’ इथूनच सुरू होतील.

दुसरीकडे माझं लिनोकट चालू आहे, म्हणजे लिनोलियमच्या ठोकळ्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर ठसा घ्यायचा. दिव्यावर येणारे पतंग. पुस्तकांत ते बहुधा पंख ताणून, टाचणीने टोचलेल्या अवस्थेत दाखवतात. भिंतीवर बसलेला पतंग तसा दिसतच नाही. कुणी पंख अंगावर उतरते मिटून घेतो, कुणी ते इतके घट्ट गुंडाळतो की वाळकी काडीच वाटावी. मला तो बसलेला पतंग हवाय. काळ्या शाईत, एका ए-३ कागदावर एकच. त्याचा काहीही उपयोग नाही आणि असावा असं मला वाटतही नाही.

परवा गाइड सरांनी ठसे पाहिले आणि म्हणाले, ‘‘अगं, हेच डिग्री प्रोजेक्ट कर की! पतंगांचं फील्ड गाइड. चित्रं तयारच आहेत, माहितीची मांडणी आणि लेआउट केलास की झालं.’’ पुढच्या रिव्ह्यूपर्यंत विषय बदलायची मुभा आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, एका दगडात दोन पक्षी, विचार कसला करतेस. मला मात्र ते ऐकल्यापासून ठोकळा हातात घ्यावासा वाटत नाहीये. हा नुसता आळस की यामागे काही कारण आहे? डिग्री सांभाळून ज्यांनी स्वतःचं काम चालू ठेवलंय त्यांनी सांगा.

सेरिफवाला

सर बरोबर सांगतायत. शेवटच्या सहा महिन्यांत दोन मोठी कामं समांतर चालत नाहीत. एक पुढे जातं आणि दुसऱ्याबद्दल मनात अपराधी वाटत राहतं. शिवाय ज्युरीला, म्हणजे परीक्षकांना, हाताने केलेलं काम दिसलं की समोरची माणसं जरा सरसावून बसतात, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि शिक्षण वेगळं, कला वेगळी असं काही नसतं. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल १९४९ मध्ये पिक्टोरियल डिझाइनची पदवी घेऊन बाहेर पडला. ओल्या शाईची रेघ दुसऱ्या कागदावर टिपून घ्यायची, तुटक तुटक रेघ उमटवायची, हा प्रयोग तो कॉलेजातच करत होता. पुढे त्याच रेघेने त्याने बुटांच्या जाहिराती काढल्या आणि नाव कमावलं. तुझे पतंग तुझी तीच रेघ असतील. फील्ड गाइड कर.

काळी_शाई

मी उलट सांगणार आहे, आणि जरा लांबण लागेल. तू म्हटलं तर चालेल ना?

आधी वॉरहॉल. त्याने जाहिरातीत नेलं ते तंत्र. विषय नेला नाही. तुझे सर तुला विषय न्यायला सांगतायत. यात मोठा फरक आहे. फील्ड गाइड म्हटलं की पहिला प्रश्न येणार, वाचणारा कोण? दुसरा, तो ओळखणार कशावरून? मग ज्या पतंगाची ओळख पंखावरच्या एका ठिपक्यावर ठरते, त्याचा तो ठिपका तुला दाखवावाच लागेल, भले तुझ्या ठशात तो भाग काळ्यात बुडालेला छान दिसत असो. मग मोजपट्टी, मग नर-मादी, मग अळी. गाइडबुक म्हणून हे सगळं रास्तच आहे. पण त्यातल्या प्रत्येक पायरीला तुझा ठसा थोडा थोडा बदलत जाईल आणि शेवटी तुला जो पतंग हवा होता तो त्यात नसेल. तुझा हात ठोकळ्याकडे जात नाही त्याचं कारण हेच असावं. आळस म्हणू नकोस त्याला.

आता वेळेचं. सगळे तास मोजतात. मी म्हणेन, आधी हे बघ की डिग्री संपल्यावर तुझ्याकडून काय जाणार आहे. पट्टीचं काम लॅपटॉप, प्रिंटआउट आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलणं यावर चालतं, ते कुठेही होईल. डिपार्टमेंटचा प्रेस मात्र निकालाच्या दिवशी तुझा राहात नाही. ए-३ वर सलग काळा, जाड कागद, हे सगळं प्रेसवरच नीट उतरतं. लहान ठसे पातळ कागदावर लाकडी चमच्याच्या पाठीने घासूनही निघतात, ते नंतर कर. म्हणून आत्ता फक्त मोठे ठोकळे, आणि तेही प्रेस मोकळा मिळतो त्या वेळेला बांधून.

दुसरं, एकाच ठोकळ्यावर रंगामागून रंग छापत कोरत जायचं रिडक्शनचं काम या वर्षी हातात घेऊ नकोस. पुढचा रंग छापायला मागचा कोरून उडवावा लागतो, त्यामुळे किती प्रती हव्यात ते सुरुवातीलाच ठरवून प्रत्येक रंग सगळ्या प्रतींवर काढून घ्यावा लागतो. मधे तेलाची शाई सुकायला दिवस जातात. त्यात सबमिशन आलं की कागद अडकून पडतात आणि पुन्हा हात लावताना रंगही जुळत नाही, रजिस्ट्रेशनही, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसणं. तू काळ्यात काम करतेस ते बरंच आहे. काळा ठोकळा अर्धा कोरून ठेवता येतो.

पण वर्षभर ठेवू नकोस. लिनो म्हणजे जवसाचं तेल, राळ आणि बुचाची पूड, मागे ज्यूटचं कापड. हवेने तेल घट्ट होत जातं, लिनो कडक होतो आणि पत्री (कोरायचं हत्यार) चालवली की रेघेच्या कडा भुकटी होऊन सुटतात. पतंगाच्या मिशा अशा लिनोत निघत नाहीत. थोडा कडक झाला असेल तर कोरण्याआधी हेअर ड्रायरने मागून गरम कर, मऊ पडतो. फार जुना असेल तर नाद सोड.

आणि एक हाताला लागलेली सवय: स्केच ताज्या डोक्याने, कोरणं दमल्यावर. रेघ ठरलेली असली की कोरायला बुद्धी लागत नाही. दिवसभर युजर इंटरव्ह्यू करून आल्यावर तेवढंच जमतं आणि तेवढ्यानेच बरं वाटतं. फक्त दुसरा हात पत्रीच्या पुढे ठेवायचा नाही. झोप आली असेल तर अजिबातच नाही.

निळा_थर

काळी_शाईंशी सहमत. एक कोरडी गोष्ट राहिली: तुमच्या संस्थेचे डिग्री प्रोजेक्टच्या हक्कांबद्दलचे नियम काय आहेत ते आधी वाचा. काही ठिकाणी मूल्यमापनासाठी दिलेल्या कामाची प्रत संस्थेकडे राहते, तर काही ठिकाणी ते काम छापायचा किंवा प्रदर्शनात लावायचा अधिकारही संस्था मागते. पतंग एकदा डिग्रीत गेले की त्या कलमाखाली गेले. नियम सोपे असतील तर प्रश्न नाही, पण सही करण्याआधी माहीत असलेलं बरं.

सेरिफवाला

हक्कांचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. तरी विचारतो, पोर्टफोलिओचं काय? नोकरी देणाऱ्याला एक भक्कम प्रोजेक्ट दिसायला हवा.

ग्रिडबाहेर

मी पोर्टफोलिओ बघायच्या बाजूला बसते, म्हणून सांगते. गोळ्यांची पट्टी हाच भक्कम प्रोजेक्ट आहे. तुकडा कापला तरी नाव आणि तारीख प्रत्येक गोळीमागे कशी राहील, इतक्या छोट्या जागेत काय ठेवायचं आणि काय गाळायचं, यावर मी अर्धा तास बोलू शकेन. पतंग शेवटी, वेगळ्या पानांवर, नाव आणि माप लिहून ठेव. त्यांना ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ चिकटवू नकोस. मागाहून चिकटवलेलं लगेच कळतं आणि मग आधीच्या प्रोजेक्टवरचा विश्वासही कमी होतो.

आणि दोन्ही कामं जोडायचीच असतील तर लिनोची नजर पट्टीवर वापर. लिनोत करडा रंग नाही, एक तर शाई आहे किंवा कागद. चकाकणाऱ्या फॉइलवर नेमकी तीच अडचण असते: उजेड पडला की राखाडी अक्षर गायब. बारीक अक्षरांच्या पोटात शाई भरते हे तू ठोकळ्यावर पाहिलंच असशील, तेव्हा मोकळ्या पोटाचा टाइपफेस निवडताना तुला ज्युरीला सांगायला स्वतःचं कारण असेल.

कोपऱ्यातली_रेघ

हे शेवटचं वाचून उठले आणि पट्टीचे नमुने दिव्याखाली तिरके धरून पाहिले. माझ्या दुसऱ्या ड्राफ्टमधला डोस खरंच दिसत नाहीये. स्क्रीनवर तो सगळ्यात सुबक दिसत होता.

विषय बदलत नाही. सरांना उद्या सांगते. ते चिडणार नाहीत, त्यांना बहुतेक माझी दमछाक वाचवायची होती. नियमावली मागवली आहे. प्रेस आठवड्यातून एक सकाळ मिळेल, त्यात फक्त मोठे ठोकळे. हॉक मॉथ जातीचा पतंग अर्धा कोरलेला आहे, तो आधी.

काळी_शाई, एकच विचारायचं होतं. सलग काळ्या भागात मधेच पांढुरके ठिपके येतात, मीठ भुरभुरल्यासारखे. शाई वाढवली तर बारीक रेघा बुजतात.

काळी_शाई

शाई वाढवू नकोस. पातळ थर, पण रोलर जास्त वेळा फिरव, दोन दिशांनी. त्याआधी नव्या लिनोवरून अगदी बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून पुसून घे, वरची तुकतुकी गेली की शाई सारखी बसते. तरी ठिपके राहिले तर कागद खरखरीत आहे, गुळगुळीत घे किंवा किंचित ओलसर करून छाप. दाब शेवटी वाढव.