बुरुंडीच्या कॉफीत मधूनच येणारा कच्च्या बटाट्याचा वास: मदत हवी आहे

नमस्कार. मी बेल्जियममध्ये राहते आणि इथल्या एका छोट्या रोस्टरकडून (कॉफीचे दाणे भाजून विकणाऱ्याकडून) आफ्रिकेतल्या बुरुंडी देशाच्या कायांझा भागातली, बूर्बों जातीची, धुऊन वाळवलेली कॉफी घेते. तिचा कप बहुतेक वेळा अप्रतिम लागतो. लाल मनुका आणि संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारी चव, स्वच्छ आंबटपणा आणि मागे रेंगाळणारा गोडवा असतो. मात्र त्याच पाकिटातला एखादा कप मधूनच असा निघतो, की त्याला नुकत्याच सोललेल्या कच्च्या बटाट्याचा वास येतो आणि तो पिववत नाही.

यामागचे कारण मी वाचले आहे. ते थोडक्यात सांगते, म्हणजे चर्चा पुढून सुरू करता येईल. बुरुंडी, रवांडा आणि काँगोचा पूर्व भाग येथील कॉफीत हा दोष प्रामुख्याने आढळतो. आंटेस्टिया नावाचा ढेकण्या फळाला टोचतो, त्या जखमेशी या दोषाचा संबंध जोडला जातो, आणि दाण्यात आयसोप्रोपिल मेथॉक्सीपायराझिन नावाचे संयुग तयार होते. आपल्या नाकाला ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात जाणवते की एकच दाणा सगळा कप बिघडवू शकतो. प्रकृतीला त्याचा अपाय नाही. फळे पाण्यात टाकल्यावर पोखरलेली, हलकी फळे वर तरंगतात आणि ती काढून टाकता येतात. पुढे जाळीच्या उंच मांडवांवर वाळवतानाही दाणे हाताने निवडले जातात. तरीही आतून बिघडलेला, पण बाहेरून निर्दोष दिसणारा एखादा दाणा सुटतोच.

म्हणूनच "बुरुंडीची कॉफी घेऊच नका" हा सल्ला मला नको आहे. तिथे मोठे मळे जवळजवळ नाहीत. डोंगरउतारावरच्या छोट्या शेतांत, केळी आणि घेवड्याच्या जोडीने काहीशे झाडे राखणारी कुटुंबे आपली फळे जवळच्या वॉशिंग स्टेशनवर, म्हणजे फळे सोलून दाणे धुऊन वाळवणाऱ्या केंद्रावर, नेऊन घालतात. बेल्जियमच्या अमलाखाली 1930 च्या दशकात ज्यांच्यावर हे पीक सक्तीने लादले गेले, त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी ते इतक्या उंचीला नेले, की 2012 मध्ये तिथे 'कप ऑफ एक्सलन्स' ही उत्तम कॉफी निवडणारी स्पर्धा भरली. एका किडीपायी गिऱ्हाईक पाठ फिरवू लागले, तर पहिला फटका या कुटुंबांना बसेल, आणि ते मला योग्य वाटत नाही.

आता माझी खरी अडचण सांगते. घरी मी प्रत्येक कपापुरतेच दाणे तोलून दळते आणि पाणी ओतण्याआधी पुडीचा वास घेते. दोष असेल तर तो तिथेच कळतो आणि तेवढीच पूड टाकावी लागते. पण वास अगदी पुसट असेल, तर तो कोरड्या पुडीत कळतो का, की गरम पाणी पडल्यावरच उघड होतो? तसेच दोषी दाणे दळल्यानंतर ग्राइंडरमध्ये राहिलेल्या पुडीमुळे पुढचा कपही बिघडतो का, आणि तसे असेल तर थोडे चांगले दाणे दळून टाकणे पुरेसे होते, की ब्रश घेऊन तो उघडावाच लागतो?

दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. पुढच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळींचा स्नेहमेळावा आहे आणि तिथे हीच कॉफी सुमारे तीस जणांना, दूध न घालता, प्यायला द्यावी अशी माझी इच्छा आहे. मोठ्या भांड्यात एकदम केली, तर एका दाण्यापायी सगळी वाया जाण्याची भीती आहे. कपागणिक करायची, तर वेळ पुरणार नाही. दोन-तीन कपांपुरते दाणे वेगवेगळे दळून, प्रत्येक वाटीचा वास घेऊन, मग चांगली पूड एकत्र करावी असे माझ्या मनात आहे. पण आधी दळून ठेवल्याने सुगंध उडेल, ही काळजी आहेच. कॅफेत किंवा कार्यक्रमांत असे केलेल्यांनी पूड किती वेळ आधी दळलेली चालते ते सांगावे.

शेवटी, पुढचे पाकीट घेताना रोस्टरला नेमके काय विचारावे? फळे पाण्यात टाकून निवडली का आणि भाजण्यापूर्वी किती कप चाखून पाहिले, एवढेच मला सुचते. घरी कच्चे दाणे आणून भाजणाऱ्यांपैकी कोणी भाजणी गडद करून पाहिली असेल, तर हा वास दबतो का, हेही कृपया लिहावे.