अपग्रेड डेस्कटॉपचं, मग डेटाबेस सर्व्हर कशाला?

साधं_डेस्क:
काल माझ्या लिनक्सवर डेस्कटॉपची नवी आवृत्ती घेत होतो. एंटर दाबण्याआधी नव्या पॅकेजेसची यादी खालपर्यंत वाचली आणि हात थांबला. पॅनेल, विंडो मॅनेजर, थीम, सगळं ठीक. पण मधेच डेटाबेस सर्व्हर! ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ (एखादं पॅकेज का येतंय ते सांगणारी कमांड) चालवून पाहिलं तेव्हा साखळी उलगडली: मेटापॅकेजला (डेस्कटॉपचे सगळे घटक एकदम आणणारं पॅकेज) मेलचा संच हवा, संचाला साठवणीची सेवा हवी, सेवेला डेटाबेस. मी मेल ब्राउझरमध्येच वाचतो. मेल क्लायंट काढायला गेलो तर सोबत मेटापॅकेजही जाणार म्हणे. डेस्कटॉपचं नाव देत नाही, कारण हे दुखणं एकाच घरातलं नाही. पॅनेल चालायला जे लागत नाही ते डिपेंड्समध्ये, म्हणजे सक्तीच्या यादीत, का घालता? माझ्या मशीनवर काय चालावं हे मला ठरवू द्या.

पॅकेजवाला:
मी स्वतः दोन-तीन पॅकेजेस सांभाळतो, म्हणून बोलतो. मेटापॅकेज जातंय म्हणून घाबरू नका. ते आतून रिकामं असतं, फक्त यादी. पुढच्या आवृत्तीतला नवा घटक मग आपोआप येणार नाही, एवढंच. बाकी ‘लागत नाही’ हे बाहेरून ठरवणं अवघड. ग्नोम या डेस्कटॉपच्या शेलसोबत इव्होल्यूशन या मेल ॲपचा इव्होल्यूशन-डेटा-सर्व्हर येतो. लोक चिडतात, ‘मी इव्होल्यूशन वापरतच नाही!’ पण वरच्या घड्याळावर क्लिक केल्यावर कॅलेंडरात ज्या नोंदी दिसतात त्या तिथूनच येतात.

साधं_डेस्क:
मग ते रेकमेंड्समध्ये, म्हणजे शिफारशीच्या यादीत, ठेवा. ज्याला नोंदी नकोत तो काढेल.

कोरं_टर्मिनल:
तेवढ्याने भागत नाही. डेबियन लिनक्समध्ये २००९ च्या लेनी आवृत्तीपासून ॲप्ट हे पॅकेजेस बसवणारं साधन रेकमेंड्सही आपणहून बसवतं. मी ते कायमचं बंद करून टाकलं होतं. मग एक दिवस फोन केबलने जोडला, तर फाइल मॅनेजरमध्ये दिसेचना. फाइल मॅनेजरला फोन दाखवणारे जीव्हीएफएसचे बॅकएंड आलेच नव्हते. अख्खी संध्याकाळ केबल बदलण्यात गेली. आता सगळं येऊ देतो. डिस्कवरची थोडी जागा गेली तर गेली.

साधं_डेस्क:
प्रश्न जागेचा नाहीच. प्रत्येक जादा सेवा म्हणजे सुरक्षा-अपडेटची आणखी एक जबाबदारी, आणि ती मी मागितलेली नाही. जेंटू लिनक्समध्ये यूज फ्लॅग (कोणती वैशिष्ट्यं हवीत ते सांगणारे पर्याय) लावून नको ते बाहेर ठेवता येतं, मग इथेच का नाही?

पॅकेजवाला:
कारण तिथे तुम्ही प्रोग्रॅम स्वतः कंपाइल करता, म्हणजे सोर्स कोडवरून बांधता. इथे एकदा बांधलेलं पॅकेज सगळ्यांना जातं. बांधताना प्रोग्रॅम एखाद्या लायब्ररीशी जोडला गेला की ती नसताना तो सुरूच होत नाही. वैशिष्ट्य तुम्ही वापरा अगर वापरू नका, ती डिपेंड्समध्येच राहणार.

साधं_डेस्क:
लायब्ररीबद्दल माझी तक्रार नाही, चार फाइल्स पडून राहतील. डेटाबेस सर्व्हर मात्र स्वतंत्र प्रोसेस आहे. तो नसला तर मेल अडेल, पॅनेलचं काय अडणार?

पॅकेजवाला:
हा मुद्दा मान्य. मेटापॅकेजने मेलचा संच डिपेंड्सऐवजी रेकमेंड्समध्ये घ्यावा, असा बग नोंदवा. ‘फुगलेलं सॉफ्टवेअर’ असलं काही लिहू नका, त्यावर कुणी हात घालत नाही. ‘व्हाय’ने दाखवलेली साखळी जशीच्या तशी चिकटवा, आणि संच काढल्यावर पॅनेल चालतं हे स्वतः तपासून लिहा.

साधं_डेस्क:
आज रात्री व्हर्च्युअल मशीनवर काढून बघतो.