दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो

काठावरचा:
वय 41. दारू सोडून आज 19 दिवस झाले. याआधी तीनदा सोडली होती, जास्तीत जास्त टिकली ती अडीच महिने. या वेळी डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, पण एकटे राहू नका, एखादा गट शोधा. शोधायला काही त्रास पडला नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांची संघटना, तिच्या हेल्पलाइनवर फोन केला, पलीकडच्या माणसाने नावही न विचारता वार, वेळ, जागा सांगितली.

गेलो. दारापर्यंत. आतून हसण्याचा आवाज आला आणि मागे फिरलो. (दारू सुटलेली माणसं हसतात कशाला, हेच डोक्यात शिरेना.) पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. या वेळी कडीला हात लागला होता, एवढीच प्रगती.

ओळखीचं कुणी भेटलं तर? उठून बोलावंच लागतं का? आणि देवाचं बरंच असतं म्हणे. माझं देवाशी जमत नाही. 'मी दारुडा आहे' असं चारचौघांत म्हणायची तर अजून जीभ वळत नाही. नुसतं बोलून दारू सुटते, हेही खरं सांगायचं तर पटत नाही.

आठवं_वर्ष:
दादा, ओळखीचं भेटू शकतं. मला पहिल्याच मीटिंगला आमच्या मुलाचे शिक्षक भेटले. दोघंही बराच वेळ जमिनीकडे बघत बसलो. मग लक्षात आलं, मला तिथे पाहिलं हे ते बाहेर सांगणार तरी कसं? तेही तिथेच बसले होते. तिथलं तिथेच ठेवायचं, हा संकेत लोक मनापासून पाळतात.

बोलायची सक्ती नाही. पाळी आली की 'आज फक्त ऐकतो' म्हणा, पुढचा माणूस सुरू करेल. कुणी मधे तोंड घालत नाही, सल्लेही देत नाही. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. स्वतःला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, नवीन माणसाने काही टाकायची गरज नसते. 'ओपन' मीटिंगला घरचं माणूसही सोबत येऊ शकतं, 'क्लोज्ड' फक्त आपल्यासारख्यांसाठी. फोनवर हे आधी विचारून घ्या. आणि मी नवीन आहे, दाराशी कुणी भेटेल का, असंही सांगा. मी हे केलं नव्हतं, त्यामुळे अर्धा तास जिन्यात उभा होतो.

बोलून काय होतं म्हणता, तर सुरुवातच तिथून झाली. 1935, अमेरिकेतलं अॅक्रन शहर. बिल विल्सन कामानिमित्त तिथे गेलेला, दारू सुटून काही महिनेच झालेले, धंद्याचं बिनसलं आणि बारकडे पाय ओढायला लागले. त्याने दारूऐवजी दुसरा दारुडा शोधला, डॉक्टर बॉब स्मिथ. दोघं तासन्‌तास बोलले. बॉबचा शेवटचा पेला 10 जूनचा, तोच संस्थेचा वाढदिवस धरतात.

आणि हसण्याचं. मी फ्लशच्या टाकीत बाटली लपवायचो. हे मी सांगितलं तेव्हा तिघं एकदम म्हणाले, 'आम्हीपण!' आता सांगा, हसू नाही येणार?

एक गट नाही आवडला तर दुसरा बघा, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासद, धरायची घाई नको. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा असं कुणी म्हटलं तर ऐकून सोडून द्या.

शंकेखोर:
मी नास्तिक, 14 महिने कोरडा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या बारा टप्प्यांमध्ये, देव आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण 'आपल्याला उमगेल तसा' ही सवलतही तिथेच आहे. मी समोरच्या वीस खुर्च्यांनाच, म्हणजे तिथल्या माणसांनाच, आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानलं. अजिबातच पचलं नाही तर स्मार्ट रिकव्हरी हा दुसरा रस्ता आहे. 1994 पासून चालू आहे, देव नाही, विचार आणि सवयी बदलण्याची तंत्रं शिकवतात, ऑनलाइन मीटिंगाही होतात.

मात्र 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं एकत्र तपासली. पूर्ण दारूमुक्त राहण्यात बारा पायऱ्यांची पद्धत इतर उपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतीत वरचढच ठरली. वाचून मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला.

घरातली_बाजू:
मी पिणाऱ्याची बायको. वाचणाऱ्यांसाठी एक सांगते. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. यांनी केली आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसायला लागले, हात थरथरत होते, ताप. दवाखान्यात न्यावंच लागलं. पहिल्या दोन दिवसांत फिटही येऊ शकते, जिवावर बेततं. आधी डॉक्टर, मग गट.

काठावरचा भाऊ, घरच्यांना अल-अॅनॉन सांगा. ते वेगळं असतं, आमच्यासाठी. तिथे गेल्यावर मी बाटल्या मोजणं थांबवलं. ते सुधारले का, तर कधी हो, कधी नाही.

काठावरचा:
काल गेलो. आधी फोन केला होता, त्यामुळे दाराशी एक काका उभे होते. म्हणाले, 'कडी जरा घट्ट आहे, जोर लावावा लागतो.' मागे बसलो, काही बोललो नाही. एकाने बूटात क्वार्टर लपवल्याची गोष्ट सांगितली. मी बूट नाही, छत्री वापरायचो.

पुढच्या वेळी कदाचित छत्रीचं सांगेन. दिवस 24.