सीएनजी स्विफ्टचं इंजिन ऑइल: गॅरेजवाला एक सांगतो, मेहुणे दुसरंच, मॅन्युअलमध्ये तिसरंच

नाशिककर_८८

नमस्कार मंडळी. २०१९ ची स्विफ्ट पेट्रोल सेकंडहँड घेतलीये, आधीच्या मालकाने बाहेरून सीएनजी किट बसवलेलं आहे, आरसीवर चढवलेलं आहे त्यामुळे त्याचा प्रश्न नाही. रनिंग साठ हजाराच्या पुढे. शेवटचं ऑइल कधी बदललं त्याचं बिल काही मिळालं नाही, म्हणून म्हटलं बाकी काही करायच्या आधी ऑइल आणि फिल्टर करून घेऊ, तर तिथूनच डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

घराजवळचे गॅरेजवाले दादा म्हणाले मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय ते थंड देशांसाठी, ते पाण्यासारखं असतं, आपल्या उन्हात टिकत नाही, २०डब्ल्यू-५० टाका, इंजिनचा आवाजपण कमी होईल. वर हेही म्हणाले की जुनं ऑइल काढल्यावर लिटरभर डिझेल टाकून गाडी पाच मिनिटं चालू ठेवू म्हणजे आतून धुऊन निघेल. मेहुण्यांची गावाकडे बोलेरो आहे, त्यांचं म्हणणं ऑइल काळं झालं की मेलं, तीन हजार किमीला बदलायचंच. आणि सोसायटीतले एक सीएनजीवाले म्हणतात पट्टी (ऑइलची लेव्हल मोजायची डिपस्टिक) काढून बघ, ऑइल मधासारखं आहे ना, मग वीस हजार बिनधास्त चालव, सीएनजीत ऑइल खराबच होत नाही. मॅन्युअलमध्ये १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. आता ऐकायचं कुणाचं? रोजचं रनिंग कमी आहे, शाळा-ऑफिस-भाजी असं चार-पाच किमीचं, महिन्यातून एखादी मुंबई.

ऑइल_लाइन

मी लुब्रिकंटच्या धंद्यात आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण हे गैरसमज रोज ऐकतो आणि चांगल्या गाड्यांचं ह्यात नुकसान होतं.

पहिलं ते उन्हाचं. ०डब्ल्यू-२० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंड इंजिनमध्ये ऑइल किती सहज वाहतं ते त्या आकड्यावरून कळतं. मागचा २० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजतात. १०० अंश! आता बाहेर नाशिकचा डिसेंबर असो नाहीतर जळगावचा मे, थर्मोस्टॅट इंजिनचं कूलंट साधारण ९० च्या आसपासच धरून ठेवतो, म्हणजे गरम झाल्यावर तुमच्या इंजिनला बाहेरच्या उन्हाचं फारसं काही देणंघेणं नसतं. "उन्हात पातळ होतं" हे सगळ्याच ऑइलना लागू आहे आणि कंपनीने ते धरूनच बेअरिंगमधली फट ठरवलेली असते. १०० अंशांना २० ग्रेडचं ऑइल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकमध्ये (घट्टपणा मोजायचं एकक) बसतं आणि ५० ग्रेडचं १६.३ च्या पुढे. म्हणजे दादा तुम्हाला जवळजवळ दुप्पट घट्ट ऑइल टाकायला सांगतायत, ते सुद्धा गरम असताना. सकाळी गार इंजिनमध्ये हा फरक अजून वाढतो, ४० अंशांला ०डब्ल्यू-२० साधारण ४०-४५ असतं तर २०डब्ल्यू-५० दीडशेच्या आसपास. आणि इंजिन सगळ्यात जास्त झिजतं ते सेल मारल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत, जेव्हा वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ऑइल पोचायचं असतं. त्यात तुमच्या स्विफ्टच्या इंजिनमध्ये व्हीव्हीटी आहे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा, ती कॅमला ऑइलच्याच दाबावर फिरवते. तिथे घट्ट ऑइल ढकललं की ती उशिरा हलते, पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही खाली येतं. आवाज कमी होतो हे मात्र खरं, घट्ट ऑइल टकटक दाबतं, पण आवाज दबला म्हणजे इंजिन सुखात आहे असं नाही ना.

०डब्ल्यू-२० मिळालं नाही तर मॅन्युअलमध्ये तापमानाचा तक्ता असतो, त्यात पर्यायी ग्रेड दिलेले असतात, त्यातलंच घ्या. कॅनवर एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) गोल चिन्ह बघा, त्यात दर्जा लिहिलेला असतो, एसएन किंवा त्याच्यानंतरचं एसपी. एसपी २०२० पासून आलंय, ते जुन्या इंजिनलाही चालतं.

सीएनजीबद्दल. तुमचे सोसायटीवाले जे बघतायत ते खरं आहे, सीएनजीत काजळी फार कमी होते म्हणून पट्टीवर ऑइल मधासारखंच दिसतं. पण गॅसवर चालताना ज्वलनाचं तापमान चढं असतं, त्यात नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात आणि ती ऑइलला आतून खातात. ॲसिड मारायला ऑइलमध्ये जे रसायन घातलेलं असतं ते हळूहळू संपतं. ह्यातलं काहीही डोळ्याला दिसत नाही. मधाच्या रंगाचं ऑइल संपलेलं असू शकतं आणि डिझेलमधलं काळंकुट्ट ऑइल एकदम ठणठणीत असू शकतं. रंगावर जाऊ नका एवढंच कळकळीने सांगतो.

सातारचा_मिस्त्री

गॅरेज चालवलंय आयुष्यभर म्हणून दादांच्या बाजूने पण दोन शब्द. ते फसवत नाहीयेत, त्यांच्या उस्तादाने शिकवलं तेच सांगतायत. पद्मिनी, अँबॅसिडर, जुन्या जीप ह्यांना २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० च लागायचं, आतल्या फटी मोठ्या, ऑइल साधं मिनरल, कार्बोरेटरमधून जादा पेट्रोल खाली उतरून ऑइल पातळ व्हायचं, तेव्हा दोन-तीन हजाराला बदललं तरच इंजिन टिकायचं. सल्ला तेव्हाचा बरोबर होता, गाड्या बदलल्या आणि सल्ला तोच राहिला.

पण ते डिझेल टाकून धुणं अजिबात करू देऊ नका!! हे हात जोडून सांगतो. इंजिन चालू असताना मेन बेअरिंगला, कॅमला त्या पाच मिनिटांत वंगण कुठलं मिळणार, डिझेल म्हणजे ऑइल नव्हे. शिवाय चेंबरचा (इंजिनखालची ऑइलची टाकी) नट कितीही वेळ उघडा ठेवलात तरी गॅलरीत (ऑइल फिरायच्या वाटा), पंपात, कोपऱ्यात डिझेल राहतंच आणि ते तुमच्या नव्या ऑइलमध्ये मिसळतं, म्हणजे महागाचं ऑइल घालून पहिल्याच दिवशी पातळ केलं. आणि साठ हजार चाललेल्या गाडीत खरंच गाळ साठलेला असला तर तो एकदम सुटून खाली येतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. जाळी चोक झाली की लाल ऑइलची बत्ती लागते आणि मग इंजिन खोलायचं बिल. गाळाची शंका असेल तर चांगलं ऑइल टाकून पुढचा बदल लवकर करा, ऑइलमध्येच डिटर्जंट असतं, ते हळूहळू साफ करतं, घाई करायचीच नाही.

आता बदलून घेताना समोर उभं राहा आणि एवढं बघा. गाडी थोडी फिरवून आणायची, ऑइल कोमट असलं की गाळ घेऊन निघतं. वरचं झाकण उघडायचं, मग खालचा नट. धार बारीक होत थेंबावर येईपर्यंत थांबायचं, गॅरेजमध्ये गर्दी असली की पोरं इथेच घाई करतात. नटाचा वॉशर नवा घालायचा, चार-दोन रुपयाची गोष्ट आहे पण जुना दबलेला वॉशर ठेवला तर पाझरतो, मग पोरगा पाना घालून जोर लावतो आणि चेंबरचे आटेच जातात. ॲल्युमिनियमचा चेंबर असेल तर संपलंच. फिल्टर काढल्यावर जुनं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघायला सांगा, हे फार होतं, आणि त्याच्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रबरं एकावर एक, हायवेला प्रेशर आलं की सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावायचं आणि हातानेच आवळायचा, पाना मारायचा नाही.

टर्बो_टिंग्या

एवढं काही नसतं ओ, आमच्याकडे सगळ्या गाड्यांना २०डब्ल्यू-५० च टाकतो, वडिलांपासून, एकही इंजिन बसलं नाही. कंपन्या ॲव्हरेजचा आकडा चांगला दाखवायला पातळ ऑइल सांगतात, इंजिन टिकलं काय नि नाही टिकलं काय, त्यांना नवी गाडी विकायचीच आहे.

ऑइल_लाइन

टिंग्याभाऊ, तुमच्या म्हणण्यातली एक बाजू खरी आहे, पातळ ऑइलकडे जाण्यामागे इंधन वाचवणं हे मोठं कारण आहेच. पण त्यासाठी नुसतं ऑइल बदललेलं नाही, बेअरिंग, पंप, रिंगा सगळं त्या ऑइलला धरून बनवलंय. वडिलांच्या गाड्या कुठल्या ते बघा, त्या २०डब्ल्यू-५० साठीच बनलेल्या असतील तर टिकणारच. चुकीच्या ऑइलने इंजिन दुसऱ्या दिवशी बसत नाही, झीज थोडी वाढते, ॲव्हरेज थोडं पडतं, आणि लाख-सव्वा लाख किमीला ऑइल जाळायला लागलं की आपण म्हणतो गाडी जुनी झाली.

चिपळूणची_मेधा

नाशिककर, तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट कुणीच धरली नाही, ती म्हणजे चार-पाच किमीचं रनिंग. लोकांना वाटतं गाडी कमी चालते म्हणजे ऑइल जास्त दिवस जाणार, उलट आहे. इंजिन पूर्ण तापतच नाही, आत जमलेली वाफ उडून जात नाही, थोडं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं (सीएनजी गाडी सुरू बहुतेक पेट्रोलवरच होते ना). म्हणून "किंवा १ वर्ष" हे शब्द तिथे उगाच नाहीत. बहुतेक मॅन्युअलमध्ये मागे एक वेगळा तक्ता असतो, छोट्या फेऱ्या, धूळ, सततचं ट्रॅफिक असल्या वापरासाठी, त्यात मुदत कमी दिलेली असते. तो वाचा, तुमचा वापर त्यातच बसतो.

आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाच्या आतून पांढरी साय दिसते आणि माणसं घाबरतात की हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनमधलं पॅकिंग) गेलं. नुसत्या झाकणाला असेल तर बहुतेक वेळा ती साठलेली वाफच असते, एकदा तासभर हायवेला घेऊन जा, बहुतेक जाते. पण पट्टीवरचं ऑइल दुधाळ झालं असेल किंवा कूलंट कमी होत असेल तर गाडी लगेच दाखवा, ते वेगळं प्रकरण आहे. आणि २०२१ च्या पुरात इथे जे झालं त्यावरून सांगते, गाडी पाण्यात बुडली असेल तर "एकदा सेल मारून बघू" हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी काढा, टो करून न्या, ऑइल बघूनच पुढचं.

मेहुण्यांच्या काळ्या ऑइलबद्दल, आमची डिझेल आहे, नवं ऑइल टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं आणि ते व्हायलाच पाहिजे, काजळी स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम. बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांतली) डिझेल गाडी असेल तर काळ्या रंगापेक्षा पट्टीवरची लेव्हल बघायला सांगा, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं आणि लेव्हल वर चढते. मॅक्सच्या वर गेली तर सर्व्हिस सेंटरला दाखवायचं.

जर्सीतला_जोशी

तीन हजाराच्या आकड्याबद्दल. इथे अमेरिकेत वर्षानुवर्षं ३,००० मैल हा आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय, म्हणजे ४,८०० किमी. ऑइल बदलून देणारी दुकानं काचेच्या कोपऱ्यात पुढच्या तारखेचं स्टिकर लावून देतात आणि माणूस मॅन्युअल न बघता ते स्टिकर बघून परत जातो. आता इथेही बऱ्याच कंपन्या ५,००० ते १०,००० मैल सांगतात. फिनिक्ससारख्या भट्टीत सुद्धा ०डब्ल्यू-२० च्या गाड्या ०डब्ल्यू-२० वरच चालतात, आणि तिथला उन्हाळा विदर्भापेक्षा कमी नाही.

एक अजून, सर्व्हिसला गेलात की इंजिन फ्लश, कोटिंग, ॲडिटिव्ह अशी बाटली पुढे करतील. चांगल्या ऑइलमध्ये सगळं मोजून घातलेलं असतं, वरून काही ओतलं तर तो हिशोब बिघडू शकतो. मॅन्युअलमध्ये नसेल तर सरळ नाही म्हणा.

नाशिककर_८८

सगळ्यांचे मनापासून आभार, मेधाताई तुमचं छोट्या फेऱ्यांचं तर डोक्यातच नव्हतं, तो मागचा तक्ता आत्ताच बघितला, आहे खरंच. ०डब्ल्यू-२० आणि ओरिजिनल फिल्टर आणून देतो आणि दादांकडूनच समोर उभं राहून करून घेतो, डिझेल नाही. मिस्त्रीकाका दोन शंका. डुप्लिकेट ऑइल कसं टाळायचं? आणि दादा जुनं ऑइल सेंट्रिंगवाल्यांना देतात, ते चालतं का?

सातारचा_मिस्त्री

डुप्लिकेटसाठी पंपावरून किंवा कंपनीच्या डीलरकडून पक्क्या बिलावर घ्या, सील आणि बॅच नंबर बघा. रिकामा कॅन गॅरेजमध्ये सोडायचा नाही, तिथेच खिळ्याने भोक पाडायचं, कारण भंगारात गेलेल्या चांगल्या कॅनमध्येच नकली माल भरला जातो. बिल जपून ठेवा, त्यावर किमी आणि तारीख लिहा, पुढे गाडी विकताना कामाला येतं.

जळकं ऑइल सेंट्रिंगच्या प्लेटला, वाळवीसाठी लाकडाला, सगळीकडे लावतात, आम्ही पण लहानपणापासून बघत आलोय. पण त्यात झिजलेल्या धातूचे कण, ॲसिड सगळं असतं, २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यातच धरलंय. मोठ्या वर्कशॉपमध्ये ड्रम असतो, तिथून परवानावाले रिफाइन करायला नेतात, दादांना तिथे द्यायला सांगा. गटारात किंवा विहिरीजवळ तर थेंबभर सुद्धा नको.

आणि काम झाल्यावर गाडी चालू करा, लाल बत्ती दोन-तीन सेकंदांत विझली पाहिजे. नाही विझली तर लगेच बंद. विझली तर मिनिटभर चालू ठेवून बंद करा, सपाट जागेवर पाच मिनिटं थांबा, मग पट्टी पुसून परत घालून बघा. नव्या फिल्टरमध्ये ऑइल भरतं म्हणून लेव्हल थोडी उतरते, मिन आणि मॅक्सच्या मध्ये वरच्या बाजूला ठेवा, मॅक्सच्या वर जाऊ देऊ नका, फिरणारा क्रँक ऑइल घुसळून फेस करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवलेला बघा, थेंब नसला तर काम नीट झालं.