मदत हवी आहे: ६ इंची नळी कापून ४ इंची करावी, की ४ इंची रिव्हॉल्व्हरच घ्यावं?

स्मिथ अँड वेसन मॉडेल १०, .३८ स्पेशल, ६ इंची नळी, फिक्स्ड साइट्स (नेम धरायच्या, न हलवता येणाऱ्या खुणा). १९८२ पूर्वीचं आहे, म्हणजे नळी फ्रेममध्ये पिनने अडकवलेली. काम परवानाधारक गनस्मिथच करेल आणि कायदेशीर नोंदीही होतील, त्यामुळे तो मुद्दा बाजूला ठेवू.

आतापर्यंत तपासलेलं: फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सिलिंडर आणि नळीतली फट ०.००६ इंच, सहाही चेंबरना सारखीच. लॉकअप, म्हणजे चाप ओढल्यावर सिलिंडर जागी अडकणं, घट्ट. इजेक्टर रॉडचं (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचं) पुढचं टोक जिथे अडकतं तो लग (नळीखालचा उंचवटा) ४ इंचाच्या आतच आहे, म्हणून रॉडला धक्का लागणार नाही.

अडतंय ते फ्रंट साइटपाशी, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेपाशी. ती नळीचाच भाग असल्याने कापताना जाणार. नवी बसवायची तर रॅम्प (साइटचा उतरता आधार) चांदीच्या डागाने जोडावा लागेल, क्राउन (नळीच्या तोंडाची कड) नव्याने कापावा लागेल आणि वर ब्लूइंग (पोलादाला निळसर-काळा थर देणं). साइट रेडियस (पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर) २ इंचांनी घटल्यावर जुनीच उंची ठेवली तर गोळी खाली लागेल, हे नक्की.

कारखान्याची ४ इंची नळी बसवायची तर पिनची खाच जुळवणं, फोर्सिंग कोन (नळीच्या मागच्या तोंडाचा निमुळता भाग) आणि फट पुन्हा साधणं आलं. शिवाय चुकीच्या पान्याने फ्रेम पिळवटते, याचीच मला जास्त धास्ती वाटते.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारतो: नवी साइट मुद्दाम उंच ठेवून रेंजवर थोडी थोडी घासत नेम जुळवणं फिक्स्ड साइटवर भरवशाचं ठरतं का, की या खटाटोपापेक्षा ४ इंची मॉडेल १० घेणंच शहाणपणाचं?