शब्दचर्चा : अंतराळयानाच्या ‘हल’ला मराठीत काय म्हणावं?

देवगड : ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या मूळ एंटरप्राइज यानाच्या आराखड्यावर मराठी नावं घालायची आहेत. थाळी, मान, खालची लांबट नळी आणि वर दोन इंजिनं, एवढं सोपं आहे. अडलंय ते इंग्रजी ‘हल’वर (hull, जहाजाचं मुख्य अंग). सांगाडा, कवच, धड, काया, सगळे शब्द वापरलेले दिसतात. ‘हल’ असंच लिहिलं तर वाचणारा ‘जरा हल’ म्हटल्यासारखं वाचतो.

रत्नागिरी : सांगाडा नको. होडी बांधताना आधी पठाण (तळाचं लांब लाकूड), त्यावर नाळ (पुढचा उभा तुकडा) आणि वाक (फासळ्या) उभे राहतात. तो झाला सांगाडा. फळ्या चढल्याशिवाय पाणी अडत नाही, आणि ‘हल’ म्हणजे तर पाणी अडवणारा आकार. यानात तोच आकार हवा अडवतो. ‘सांगाड्याला भोक पडलं’ हे वाक्यच चुकीचं, सांगाड्याला भोकंच असतात.

कवचही नको. यानाभोवतीच्या संरक्षक आवरणाला लोक आधीच कवच म्हणतात. आधी कवच पडतं, मग हलला धक्का बसतो. दोन्हींना एकच शब्द ठेवला तर लढाईचं वर्णन कळणारच नाही.

वेंगुर्ला : मग ‘साल’ घ्या ना. फणसाची असते तशी, बाहेरचं आवरण.

रत्नागिरी : बाहेरच्या पत्र्यापुरतं साल चालेल. वर्षवाचक ‘साल’शी गोंधळ होत नाही, कारण ते नपुंसकलिंगी: ‘सालाचे’ आणि ‘सालीचे’ वेगळे राहतात. पण ‘थाळी हा एक हल, नळी हा दुसरा हल’ असं म्हणताना आतल्या मजल्यांसकट अख्खा भाग अभिप्रेत असतो. त्याला धडच म्हणावं. थाळीचं धड, नळीचं धड.

देवगड : म्हणजे एका इंग्रजी शब्दाला मराठीत दोन. पटतंय. आता वरच्या दोन इंजिनांना ‘उलांडी’ (होडीच्या बाजूला काठ्यांवर बांधलेला ओंडका) म्हटलं तर? धडापासून दूर, काठ्यांवर धरलेली. दिसायला अगदी मालवणच्या होडीसारखी.

मालवण : उलांडी एकाच बाजूक असता, दादा. दोनी बाजूंक लावलंस तर जाळा ओढूचा खयसून?

प्रमाण मराठीत सांगायचं तर, उलांडीचं काम तोल सांभाळणं. होडी अरुंद असते, ती उलांडीच्या बाजूला कलली की ओंडका पाण्यात दबून तिला वर ढकलतो, उलट बाजूला कलली की त्याचं वजन तिला परत खेचतं. दोन्हींना पाणी आणि गुरुत्वाकर्षण लागतं. अंतराळात पाणी नाही, आणि वजनही जाणवत नाही. शिवाय उलांडी ढकलत नाही, इंजिन ढकलतं. शब्द देखणा आहे म्हणून इथे बसवू नका, तो आपल्या होडीचा अर्थ घेऊन येतो. ‘इंजिनाचं नळकांडं’ म्हणा, आणि ते धरणाऱ्या भागाला ‘दांडी’.

रत्नागिरी : दांडीवरून एक आठवलं. आराखडे काढणारे पुष्कळ जण ही दांडी नळीच्या पत्र्यावर चिकटवून थांबतात. तिथेच ती उपटेल. डोलकाठी वरच्या फळ्यांवर उभी करत नाहीत, तिचा बुडखा खाली पठाणापर्यंत नेऊन बसवतात, म्हणजे शिडाचा ताण सगळ्या होडीत पसरतो. तशीच दांडी सालीतून आत जाऊन वाकांना आणि मधल्या कण्याला जखडलेली दाखवा. नळकांडी वजनाच्या मध्याच्या वर आहेत. त्यांनी रॉकेटसारखा सरळ रेटा दिला, तर यान नाक खाली घालू पाहील आणि तो सगळा पीळ दांडीच्या मुळाशी येईल.

अलिबाग : इथे ‘कणा’ का लिहिलंत? पठाण हाच शब्द ठेवा.

रत्नागिरी : बंदराबाहेरचा वाचक ‘पठाण’ म्हटल्यावर माणूस समजतो. होडीबद्दल लिहिताना पठाण हवाच, तो जपायला हवा. पण पठाण तळाशी असतो आणि यानाला तळ नाही. मधून जाणारा कणा हेच बरोबर.

वेंगुर्ला : एक शंका. होडीच्या फळ्यांमध्ये तेल-राळेत भिजवलेला कापूस ठोकतात, त्याला आपण सांध भरणं म्हणतो. यानाच्या पत्र्यांनाही हाच शब्द चालेल?

मालवण : शब्द चालेल, पण कृती उलटी. होडीत दाब बाहेरून आत. एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला साधारण एक टन पाणी रेटतं, ते कापसाला सांध्यात आणखी घट्ट बसवतं. यानात हवा आतून बाहेर रेटते, आणि आपल्याइतकाच हवेचा दाब ठेवला तर दर चौरस मीटरला दहा टन. बाहेरून भरलेला सांध बंदुकीच्या बुचासारखा उडेल. म्हणून सांध आतून भरायचा. खिडकीची काचही आतूनच, चौकटीच्या खाचेवर टेकेल अशी. अर्ध्या मीटर व्यासाच्या गोल खिडकीवर दोन टन भार येतो, काच बाहेरून स्क्रूने धरली तर तो सगळा स्क्रूंवर. खिडक्यांचे कोपरेही गोल काढा. १९५४ मध्ये कॉमेट जातीची विमानं पडली, तेव्हा कापलेल्या झरोक्यांच्या कोपऱ्यांपासून भेगा गेल्याचं निघालं होतं.

आणि ‘हल ब्रीच’ला ‘सालीला भगदाड पडलं’. ‘धड फुटलं’ म्हणाल तर अख्खं यान गेलं असा अर्थ होतो.

अलिबाग : थाळीवरच्या जाळीदार रेघा, त्या सांध की नुसत्या रेघा? पत्र्यांचे जोड असतील तर ‘सांध’ लिहावं लागेल.

रत्नागिरी : रेघा. चित्रीकरणाच्या ११ फुटी मॉडेलवर त्या पेन्सिलीने ओढलेल्या होत्या, अगदी फिक्या. नंतरच्या एका दुरुस्तीत त्या ठळक झाल्या आणि चाहते चिडले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने ते मॉडेल पुन्हा मांडलं तेव्हा थाळीच्या वरच्या बाजूचा मूळ रंग तसाच राखला. मुळात मालिकेसाठी यानाची रचना करणाऱ्याला साल गुळगुळीतच हवी होती: यंत्रं आत, म्हणजे दुरुस्तीसाठी बाहेर जावं लागत नाही. त्यामुळे आराखड्यावर कोरलेली खाच नको, पातळ रेघ पुरे.

देवगड : तर धड, साल, वाक, कणा, दांडी, नळकांडं, सांध, भगदाड. थाळी आणि नळी जोडणाऱ्या भागाला ‘मान’ ठेवतो. थाळीच्या पुढच्या कडेला ‘नाळ’ लिहू का?

मालवण : नको. नाळ म्हणजे पाणी कापणारा उभा लाकडी तुकडा. थाळीला फक्त ‘पुढची कड’ आहे.